एपिसोड २७ : केसाएवढा ताण, म्हणजेच चाकाच्या स्टडची गोष्ट

(हा आपल्या पॉडकास्टच्या २७व्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.)

 

आजचा विषय ऐकून अर्धे लोक म्हणतील, ‘अरे, चाकाचे नट घट्ट करायचे, त्यावर अख्खा एपिसोड?’ मीही दोन वर्षांपूर्वी हेच म्हणालो असतो. मग एका रविवारी सकाळी माझ्या गाडीचं पुढचं उजवं चाक चारपैकी एकाच नटावर उभं असलेलं मी बघितलं. शेजारच्या सीटवर माझा मावसभाऊ हेल्मेट घालून बसला होता. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी छोटा राहिलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सॅन होजेला राहतो, दिवसभर कोड लिहितो. माझ्याकडे २००१ची माझदा मियाटा आहे, सेकंडहँड. दोन सीट, छप्पर उघडतं, १.८ लिटरचं इंजिन, वजन साधारण एक टन. पॉवर फार नाही, पण वळणावर जी मजा येते ती शब्दात सांगता येत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी मी ती ऑटोक्रॉसला नेतो. ऑटोक्रॉस म्हणजे एखाद्या भल्यामोठ्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये प्लॅस्टिकचे कोन मांडून रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि मिनिटभराच्या त्या फेरीत तुमची वेळ मोजतात. वेग फार नसतो, पण चाकांवर जोर भयंकर येतो. डावीकडे, उजवीकडे, ब्रेक, परत डावीकडे.

त्या दिवशी काय झालं

आदल्या आठवड्यात मी रिम घरीच रंगवल्या होत्या. स्प्रेचे डबे आणले, घासून घेतलं, ब्राँझ रंगाचे तीन हात मारले. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. मग टॉर्क पाना घेऊन, मॅन्युअल समोर ठेवून, प्रत्येक नट १०० न्यूटन-मीटरला घट्ट केला. पाना ‘टक्’ वाजला की मी पुढच्या नटाकडे. म्हणजे बघा, मी निष्काळजीपणा केला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

चौथ्या फेरीला मावसभाऊ शेजारी बसला. तो इथे एमएस करायला आलाय. अर्ध्या फेरीत तो म्हणाला, “दादा, माझ्या पायाखाली काहीतरी ठकठक वाजतंय.”

मी म्हणालो, “डिकीत पाना राहिला असेल.”

आणि मी अजून दोन वळणं घेतली. पूर्ण जोरात.

मग स्टिअरिंग थरथरायला लागलं, तेव्हा कुठे मी पाय काढला. हळूहळू गाडी बाजूला घेतली. खाली उतरून बघतो तर पुढच्या उजव्या चाकाचा एक स्टड तुटून नटासकट गायब. दोन नट इतके सैल की बोटांनी फिरत होते. उरलेला एक, त्याने चाक धरून ठेवलं होतं.

मंडळी, अजून एक फेरी झाली असती की आम्ही घरी निघणार होतो. फ्रीवेने, ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने. मावसभाऊ काहीच बोलला नाही. त्याने हेल्मेट काढलं आणि घरी मित्राच्या गाडीतून गेला. मला राग आला नाही, लाज वाटली. त्याने मला सांगितलं होतं, आणि मी ऐकून सोडून दिलं होतं.

स्टड म्हणजे नेमकं काय?

चाक काढलं की आत डिस्क दिसते. तिच्यातून बाहेर आलेले जे आटे असलेले दांडे असतात, ते स्टड. ते आतल्या हबमध्ये मागून दाबून बसवलेले असतात. स्टडच्या डोक्याजवळ दातेरी पट्टा असतो. हे दाते हबच्या भोकात घट्ट रुततात, त्यामुळे नट फिरवताना स्टड जागच्या जागी फिरत नाही. मियाटाला प्रत्येक चाकाला चार स्टड, एम १२ बाय १.५. म्हणजे जाडी १२ मिलिमीटर, आणि दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर.

सगळ्याच गाड्यांना स्टड नसतात हं. तुमच्यापैकी कुणाकडे पोलो असेल तर तिथे हबमध्ये आटे असतात आणि बाहेरून बोल्ट आत जातो. पोर्श ९११चं तर दोन्ही झालंय: हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११ला, अगदी ९९३ पिढीपर्यंत, स्टड होते. ९९६ पिढीपासून बोल्ट आले. तरी ट्रॅकवर जाणारे बरेच लोक बोल्ट काढून स्टड बसवून घेतात. कारण सोपं आहे. स्टडवर चाक आधी टांगता येतं, मग आरामात नट लावता येतो. शिवाय सारखं चाक काढून-घालून आटे झिजले, तर स्टड बदलता येतो. बोल्टच्या गाडीत झिजतात ते हबचे आटे, आणि हब काही स्वस्त नसतो.

चाक कशामुळे जागेवर राहतं?

आता मुख्य मुद्दा. मला इंजिनिअरिंगची डिग्री असून हे नीट माहीत नव्हतं, त्यामुळे तुम्हाला माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

मला वाटायचं, चाक स्टडवर टेकलेलं असतं. खुंटीवर शर्ट टांगतो तसं. तसं नसतं. चाकाचा मागचा सपाट भाग आणि हबचा पुढचा सपाट भाग एकमेकांवर इतक्या जोरात दाबलेले असतात की त्यांच्यातल्या घर्षणामुळे चाक हलत नाही. कपाटातली आठ-दहा पुस्तकं दोन हातांनी दोन्ही बाजूंनी दाबून एकदम उचलून बघा. मधल्या पुस्तकांना खालून कुणीच धरलेलं नसतं, तरी ती पडत नाहीत. हात जरा सैल केले की सगळी खाली. चाकाचंही तेच.

तो दाब कुठून येतो? स्टड ताणला गेल्यामुळे. नट घट्ट करताना तुम्ही स्टडला खेचत असता. स्टील आहे, पण तेही थोडं लांबतं आणि परत आखडायला बघतं. म्हणजे स्टड ही एक फार कडक स्प्रिंग आहे.

आकडे बघू. १२ मिलिमीटरचा कोरडा स्टड, १०० न्यूटन-मीटर टॉर्क. नेहमीच्या सूत्राने एका स्टडमध्ये साधारण ४२ किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे चार टनांच्या वर. चार स्टडचे मिळून सतरा टनांच्या आसपास. एक टनाच्या गाडीच्या एका चाकावर! म्हणून तर ते हलत नाही.

आणि या सगळ्यासाठी स्टड किती लांबतो? नट आणि हबमधला पकडीचा भाग २५ मिलिमीटर धरला, तर साधारण ०.०६ मिलिमीटर. डोक्यावरच्या एका केसाएवढं. तुमचं अख्खं चाक त्या केसाएवढ्या ताणावर उभं असतं.

आता माझा रंग आठवा. मी रिमची पुढची बाजू रंगवली, ठीक आहे. पण उत्साहात मागचा सपाट भागही रंगवला, आणि नट जिथे बसतो ते तिरके खळगेही. तीन हात! रंगाचा थर सहज त्या केसाएवढा जाड झाला असणार. पान्याने ‘टक्’ केलं तेव्हा ताण आला होता, खोटं नाही. पण नंतर गाडी चालली, ब्रेकने हब गरम झाला, रंग मऊ पडला, दबला, बाजूला सरकला. थर जेवढा दबला तेवढा स्टड आखडला. म्हणजे नट एक अंशही न फिरता ताण गेला. ताण गेला की चाक हबवर किंचित सरकायला लागतं, आणि त्या हालचालीने मग नट स्वतःहून फिरायला लागतात.

आणि तुटलेल्या स्टडचं काय? ताणलेला स्टड वळणावरच्या जोराचा फार थोडा वाटा स्वतःवर घेतो, बाकीचा दाबलेले भाग घेतात. ताण गेला की प्रत्येक चक्राला स्टड वाकतो आणि सरळ होतो. माझ्या टायरच्या मापाने एका किलोमीटरला साडेपाचशे चक्रं. बारीक तार आपण मागे-पुढे वाकवून तोडतो ना, तसंच.

घरी आल्यावर मी हबमध्ये उरलेला तुकडा टॉर्चखाली बघितला. तुटलेल्या पृष्ठभागाचा एक कोपरा काळपट, गंजलेला होता, आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत. म्हणजे त्या कोपऱ्यातली चीर जुनी होती. आधीच्या मालकाच्या काळातली असेल, किंवा कुठल्या तरी टायरच्या दुकानात इम्पॅक्ट गनने आवळताना पडली असेल. पण गाडी माझ्याकडे आल्यापासून मी ते चाक पाच-सहा वेळा काढलं होतं आणि एकदाही स्टडकडे नीट बघितलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

स्टड कसा बदलायचा

मी चारही बदलले. एक तुटला म्हणजे बाकीच्या तिघांनी त्याचं ओझं वाहिलेलं असतं, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्टड तीन-चार डॉलरला मिळतो. इथे काटकसर नको.

पायऱ्या सांगतो. हे पुढच्या चाकाचं आहे. तुमच्या गाडीत थोडा फरक असेल, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा.

पहिलं, गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना ओट लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, आणि जॅकवर विसंबायचं नाही, खाली स्टँड लावायचाच.

दुसरं, चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर सोडवा. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. तारेने किंवा दोरीने स्प्रिंगला बांधून ठेवा. मग डिस्क काढा. आता हब मोकळा दिसेल.

तिसरं, जुना स्टड मागे ढकलून काढायचा. हब फिरवून अशा जागी आणा की मागे स्टड बाहेर यायला वाव मिळेल. मला मागचा धूळ अडवणारा पातळ पत्रा थोडा वाकवावा लागला. काही गाड्यांत वावच नसतो, तिथे हब उतरवावा लागतो. यूट्यूबवर लोक हातोड्याने दणादण मारतात. निघतो स्टड, पण प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगला बसतो. सी-क्लॅम्पसारखा दाबणारा प्रेस भाड्याने किंवा उसना मिळाला तर तो वापरा. मी शेजाऱ्याकडून आणला.

चौथं, नवा आणि जुना स्टड शेजारी ठेवून मोजा. लांबी, जाडी, आट्यांचं अंतर, आणि दातेरी पट्ट्याची जाडी. शेवटचं माप लोक विसरतात. दाते थोडे लहान असले तर स्टड भोकात फिरेल, मोठे असले तर हबला चीर जाऊ शकते. व्हर्नियर नसेल तर याच कामासाठी घ्या.

पाचवं, नवा स्टड मागून घाला. दाते जुन्या खाचांशी जुळवा. पुढून जाड वॉशर तीन-चार घाला, आणि एक जुना, टाकाऊ नट सपाट बाजू आत करून लावा. वॉशरांच्या मध्ये थोडं तेल चालेल. आता हाताच्या पान्याने हळूहळू आवळा. नट स्टडला पुढे खेचतो आणि दाते हबमध्ये रुततात. आधी जड जाईल, मग अचानक घट्ट थांबेल. तेव्हा मागे टॉर्च मारून बघा: स्टडचं डोकं हबला सगळीकडून चिकटलं पाहिजे. अर्धा मिलिमीटरही फट राहिली, तर नंतर गाडी चालताना ते डोकं आत सरकेल आणि ताण गेलाच म्हणून समजा. रंगाचंच प्रकरण पुन्हा. आणि इथे इम्पॅक्ट गन नको. नव्या स्टडचे आटे पहिल्याच दिवशी ताणून ठेवाल.

सहावं, नट आणि वॉशर काढा, आट्यांवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. हबचा आणि रिमचा सपाट भाग वायर ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत साफ करा. माझ्या बाबतीत तिथे एक तासाची रंग खरवडण्याची शिक्षा होती.

सातवं, सगळं परत जोडा. चाक लावून नट बोटांनी फिरवा, शेवटपर्यंत. मग समोरासमोरच्या जोडीने घट्ट करा: आधी सगळे ५०ला, मग गाडी खाली आणून सगळे १००ला. मियाटाला माझदाने दिलेली मर्यादा ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असणार. २०१५नंतरच्या मस्टँगला स्टड १४ मिलिमीटरचे आहेत आणि टॉर्क २०४. दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

आठवं, ८०-१०० किलोमीटर चालवून परत टॉर्क तपासा. नव्या स्टडनंतर, नव्या रिमनंतर, रंगानंतर तर नक्कीच. त्या शनिवारी मी हे एक काम केलं असतं, तर हा एपिसोड झालाच नसता.

कॅलिपर कधीच काढला नसेल तर पहिल्यांदा एकट्याने करू नका. माहितगार मित्राला बोलवा, नाहीतर मेकॅनिककडे द्या आणि शेजारी उभं राहून बघा. ब्रेकशी प्रयोग नको.

नेहमीच्या चुका

एक : तेल आणि ग्रीस. ‘गंजू नये म्हणून थोडं लावलं’, हे मी पण केलंय. गंमत अशी की पान्यावर तुम्ही जो जोर लावता, त्यातला फक्त दहा टक्क्यांच्या आसपास स्टड ताणायला लागतो. बाकीचा आट्यांमधल्या आणि नटाच्या बसणीतल्या घर्षणात जातो. तेल लावलं की घर्षण कमी, आणि वाचलेला सगळा जोर स्टडला. पाना तेव्हाही १००लाच ‘टक्’ म्हणतो, पण स्टडमध्ये ४२च्या जागी ६० किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त ताण असतो. पोर्शसारखे काही उत्पादक ठरावीक पेस्ट लावायला सांगतात, पण त्यांचा टॉर्कचा आकडा ती पेस्ट धरूनच दिलेला असतो. मॅन्युअल म्हणत नसेल तर कोरडं.

दोन : इम्पॅक्ट गन. नट काढायला वापरा, हरकत नाही. लावताना पहिले आटे बोटांनीच. आटे वाकडे चढले तर बोटांना लगेच कळतं, गनला कळत नाही. जगातली सगळ्यात भारी माणसंही यात चुकतात. २०२१ची मोनॅको ग्रां प्री आठवते? वाल्टेरी बोटास दुसऱ्या नंबरवर होता, टायर बदलायला आला. उजव्या पुढच्या चाकावर गन नीट सरळ बसली नाही आणि नटाच्या खाचाच सोलवटून गेल्या. चाक निघेना. शर्यत तिथेच संपली, आणि ते चाक नंतर, गाडी कारखान्यात परत नेल्यावर निघालं.

तीन : चुकीचे नट. सुझुकी, सुबारू, निसानच्या बऱ्याच गाड्यांना आट्यांचं अंतर १.२५ असतं, माझदा आणि होंडाला १.५. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि आपण म्हणतो ‘जरा जोर लावू’. तिथेच आटे गेले. बरं, होंडाचा नट माझदाच्या स्टडवर छान फिरतो, पण होंडाच्या मूळ नटाची बसण गोलसर आहे आणि माझदाची ६० अंशांच्या तिरक्या उताराची. म्हणजे नट घट्ट लागेल, पण टेकेल एका बारीक रेघेवर. नट रिमच्या खळग्याशी जुळला पाहिजे.

चार : कमी आटे. नट किमान स्टडच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटर जाडी, दीड मिलिमीटर अंतर, म्हणजे आठ फेरे. मोजा. चाक बाहेर काढायला मध्ये स्पेसर घातला तर फेरे कमी होतात, मग लांब स्टड लागतात. आणि लांब स्टडवर बंद टोकाचे नट लावलेत तर स्टड नटाच्या टोपणाला आतून टेकतो. पाना ‘टक्’ म्हणतो, चाक मात्र सैल. लांब स्टडला आरपार नटच हवेत.

देखभाल : दोन मिनिटांचं काम

चाक काढलं की प्रत्येक वेळी मी आता एवढंच करतो. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का? मध्ये अडला तर आटे वायर ब्रशने साफ करतो. तरी अडला, तर तो आटा ताणला गेलाय, स्टड बदलायचा. आट्यांवर सरळ पट्टी धरून बघतो, मधेच बारीक झालेला दिसला तर बाद. स्टडच्या मुळाशी गंजाची तांबूस रेघ दिसली तर चिरेचा संशय, बाद. रिमच्या खळग्याभोवती काळी चकचकीत घासलेली खूण दिसली तर चाक हललंय, कारण शोधायचं.

ऑटोक्रॉसला गेलो की सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा टॉर्क तपासतो. चाकं थंड असताना. फेरी मारून आल्या आल्या गरम चाकावर आवळायचं नाही, तेव्हाचा आकडा फसवा असतो. आणि स्टड ही कायमची वस्तू नाही. ब्रेक पॅड जसे बदलतो तसे ट्रॅकच्या गाडीचे स्टडही ठरावीक काळाने बदलायचे. मी दर दुसऱ्या वर्षी बदलायचं ठरवलंय.

शेवटचं

टॉर्क पान्याचा ‘टक्’ ऐकला की आपल्याला वाटतं, काम झालं. तो आवाज फक्त एवढं सांगतो की नट फिरवायला इतका जोर लागला. स्टड खरंच ताणलाय का, आणि तो ताण उद्या टिकणार आहे का, हे पाना सांगत नाही. ते स्वच्छ पृष्ठभाग सांगतो, योग्य नट सांगतो, आणि शंभर किलोमीटरनंतरची ती दुसरी तपासणी सांगते. आमच्या धंद्यात म्हणतात ना, टेस्ट पास झाली म्हणजे कोड बरोबर आहे असं नाही. तसंच.

आणि शेजारी बसलेला माणूस म्हणाला ‘काहीतरी वाजतंय’, तर थांबा. डिकीत पाना असेलही. थांबून बघायला दोन मिनिटं लागतात.

मावसभाऊ जवळजवळ पाच महिने माझ्या गाडीत बसला नाही. मीही आग्रह केला नाही. गेल्या महिन्यात ऑटोक्रॉसला स्वतःहून आला. हेल्मेट घालायच्या आधी म्हणाला, “दादा, पाना कुठंय?” चारही चाकांचे सोळा नट त्याने स्वतः तपासले. सगळे बरोबर होते. मग बसला.

चला मंडळी, आज इथेच थांबू. तुमच्या गाडीला स्टड आहेत की बोल्ट, आणि टॉर्क किती, हे आजच मॅन्युअलमध्ये बघा आणि मला कळवा. पुढच्या भागात ब्रेकच्या तेलाबद्दल बोलू, ते पाणी का शोषतं आणि उताराला पेडल अचानक मऊ का पडतं. तोपर्यंत सांभाळून चालवा.

भेटू!